बिनपाल्याचा गहू

१२ ऑगस्ट, सोमवार

आज परभणीत कामाला लागलो. काम पिठातल्या किड्यांचं आहे. आमच्या गावी, वालूरला, हे ज्याला सांगावं तो आधी हसतो, म्हणून इथं नीट लिहून ठेवतो.

ही संस्था साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या किडींचा अभ्यास करते. डॉ. राजेश्री मॅडम इथल्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत आणि त्यांना पीठ चाळणारा माणूस पाहिजे होता. मुलाखतीला बाकीचे सगळे बी.एस्सी. झालेले होते. मी बारावीला भौतिकशास्त्रात दोनदा राहिलो आणि सोडून दिलं. मॅडमनी त्याबद्दल फार विचारलं नाही. प्रत्येकाच्या हातात किडे असलेल्या पिठाची वाटी आणि बारीक चाळणी दिली. माझं झाल्यावर त्यांनी चाळणीतले किडे भिंगातून पाहिले.

"एकाचाही पाय मोडला नाही," त्या म्हणाल्या. "कुठं शिकलास?"

"घरची गिरणी आहे," मी म्हणालो.  

घरून निघताना अप्पा, माझे वडील, मला म्हणाले होते, "आपुन जल्मभर पिठातून किडे काढले. ह्यो किडे पाळायला चाललाय. त्याला सांग, आता गिरणीचा पट्टा त्यानंच बघायचा." त्याला म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, महारुद्रदादाला. दादा तिथंच, तीन हातांवर उभा होता. मी दादाकडे वळून सांगितलं, "पट्टा आता तू बघायचा म्हणालेत." दादा म्हणाला, "त्यान्ला सांग, रोज मीच बघतो." मी अप्पांकडे वळून तेही सांगितलं.

दोन वर्षांपासून हे असंच आहे. आजोबांच्या वेळचं डिझेल इंजिन दादानं न विचारता भंगारात दिलं आणि विजेची मोटार बसवली. तेव्हापासून अप्पा त्याच्याशी बोलत नाहीत, आणि अप्पा बोलत नाहीत म्हणून दादाही बोलत नाही. दिवसभर दोघं एकाच पत्र्याखाली असतात. मी आईला म्हणालो, आता मी नसल्यावर कसं व्हायचं? आई भाकरी थापत होती. म्हणाली, "तोंडं हायत की दोघांला."

आईला वाटतं तितकं ते सोपं नाही.

२१ ऑगस्ट

मादी ओळखायला शिकलो. आमच्या किड्याचं पुस्तकी नाव तांबडा भुंगेरा, तांदळाच्या कणीएवढा. अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून भुंगेरा. नर-मादी कोषातच वेगळे करावे लागतात, कारण बाहेर पडल्यावर वरून दोघं सारखेच दिसतात. कोषाच्या शेपटाकडे भिंगातून पाहिलं की मादीला दोन बारीक बोंडं दिसतात.

हे मला धम्मशीलानं शिकवलं. ती मॅडमकडे पीएच.डी. करते आणि पूर्णेहून रोज रेल्वेनं येते. मी तिला पहिल्या दिवशी मॅडम म्हणालो, तर म्हणाली, "मॅडम हितं एकच हायत. मला नाव हाय." तेव्हापासून मी तिला कोणतीच हाक मारत नाही. काम असलं की समोर जाऊन उभा राहतो. ती मात्र मला गिरणीवाले म्हणते.

"गिरणीवाले, डबीवर एवढं सुंदर अक्षर काढायलाव, किडे वाचणार हायत का?"

मी म्हणालो, चुकून डबी बदलली तर सगळंच चुकेल. ती म्हणाली, "तेबी खरं हाय." मग तिनं स्वतःच्या डब्यांवरची नावंही मलाच लिहायला दिली.

३ सप्टेंबर

आज मॅडमनी काम समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांनीच स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "तू रोज चाळतोस, कशासाठी ते तुला कळलं पाहिजे." असं मला आजवर कोणत्याही शिक्षकानं म्हटलं नव्हतं.

जमेल तसं लिहितो. किड्याच्या अंगात बुरशी शिरली की पेशीच्या दारावरच्या पहारेकऱ्याला ते कळतं. आत कामगार असतात, ते बुरशीवर मारा करणारी रसायनं बनवायला लावतात. पण पहारेकऱ्याचा हात कामगारापर्यंत पोचत नाही. दोघांच्या मधे एक प्रथिन असतं. ते स्वतः काही बनवत नाही, काही कापत नाही, कुणाला मारत नाही. एका बाजूनं पहारेकऱ्याला धरतं, दुसऱ्या बाजूनं कामगाराला. बस, एवढंच. मॅडम त्याला जोडणारं प्रथिन म्हणतात. इंग्रजीत त्याचं नाव अक्षरं आणि आकडे मिळून आहे. धम्मशीला त्याला मधला माणूस म्हणते.

मॅडम एक द्रावण तयार करतात. ते मादीच्या कोषात सुईनं टोचलं की ते प्रथिन तयार होणं जवळजवळ थांबतं. ह्याला त्या 'गप्प करणं' म्हणतात. गप्प केलेल्या किड्यावर बुरशी टाकली तर तो लवकर मरायला पाहिजे. तसं झालं तर गोदामात विषारी पावडर न टाकता नुसत्या बुरशीनं धान्य राखता येईल.

पण मला सगळ्यात नवल पुढच्या गोष्टीचं वाटलं. तेच प्रथिन आईच्या पोटात अंड्यालाही लागतं. अंडं गोल गरगरीत. त्यात पोट कुठल्या बाजूला आणि पाठ कुठल्या बाजूला, हे ठरवणारा निरोपही तेच पोचवतं. फळमाशीत हे माहीत आहे, आपल्या भुंगेऱ्यात काय होतं ते बघायचं, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे दुखण्याशी लढायचं आणि लेकराला आकार द्यायचा, दोन्हीकडे मधे तेच. आणि स्वतःचं काम काही नाही.

मी विचारलं, "ते नसलं तर पहारेकऱ्यानं कामगाराला थेट धरायला काय होतं?"

धम्मशीला हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही पंजे समोर धरून दाखवले. "ह्याच्या बोटांत जी खाच आहे ती त्याच्या हातात बसत नाही. मधल्याच्याच हातात बसते."

"दोघं शेजारी उभे असले तरी?"

"खेटून उभे असले तरी."

हे मला लगेच पटलं.

१४ सप्टेंबर

दुपारी दादाचा फोन. "अप्पान्ला सांग, उद्या लाइट जाणार हाय, दळण आजच उरकायचं." मी विचारलं, अप्पा कुठं आहेत? म्हणाला, "हितंच, समोर." मी फोन ठेवून अप्पांना लावला आणि सांगितलं. अप्पा म्हणाले, "त्याला सांग, मला ठावं हाय." मी पुन्हा दादाला लावला.

धम्मशीला बाजूला डबा खात होती. म्हणाली, "वालूरचं टेलिफोन ऑफिस परभणीला कधी आलं?" तिनं माझ्यापुढे अर्धं धपाटं सरकवलं. ते फार चांगलं होतं. आईला सांगू नये इतकं चांगलं होतं.

२७ सप्टेंबर

आजचा दिवस विसरायचा नाही.

गप्प केलेल्या माद्या बुरशीनं झपाट्यानं मेल्या. ज्यांना नुसतं साधं द्रावण टोचलं होतं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जिवंत आहेत. एवढ्यावरच धम्मशीला खूष होती. पण मॅडमनी बुरशी न टाकलेल्या माद्यांची अंडी मागवली. ती मी बारीक चाळणीनं वेगळी केली होती. अंडी चिकट असतात, त्यांना पीठ लागतं आणि ती पिठासारखीच दिसतात, म्हणून हळू धुवावी लागतात. साध्या द्रावणाच्या माद्यांच्या अंड्यांतून अळ्या निघाल्या होत्या. गप्प केलेल्या माद्यांनी अंडी घातली होती तेवढीच, पण ती तशीच पडून होती. मॅडमनी एक अंडं मोठ्या भिंगाखाली धरलं आणि सगळीकडून वळवून पाहिलं.

मग मला म्हणाल्या, "बघ. आत काहीतरी घडायला लागलं होतं. पोट कुठलं तेच त्याला कळलं नाही."

मादी धडधाकट. खाते, पिते, फिरते. तिच्याकडे पाहून कुणाला काही कळणार नाही. मला उगाच वाईट वाटलं, किड्यासाठी. हे कुणाला सांगितलं नाही.

मॅडमनी आनंदानं टाळी वाजवली असती तर मला समजलं असतं. त्या म्हणाल्या, "एकदा दिसलं म्हणजे दिसलं असं नाही. पुन्हा करायचं." जानेवारीत तपासणी समिती येणार आहे. दुसऱ्या फेरीतही हेच आलं तर प्रकल्पाला पुढची तीन वर्षं मिळतील. नाही आलं तर प्रयोगशाळेला कुलूप, मॅडमचं चार वर्षांचं काम अर्धं राहील, आणि आम्ही सगळे घरी.

५ ऑक्टोबर

पीठ संपलं. नेहमीचा पीठवाला नवरात्रात गावी गेला आहे आणि दुसरी फेरी थांबवता येत नाही. मी म्हणालो, "आमच्या गिरणीतून आणतो." मॅडम म्हणाल्या, "फार बरं. फक्त गव्हाला काही लावलेलं नको. पावडर नको, पाला नको, तेल नको."

आईला फोन करून तीनदा सांगितलं. घरच्या गव्हात आई कडुलिंबाचा वाळलेला पाला घालते, वर्षभर कीड लागत नाही. पण विक्रीचा गहू माळ्यावर बिनपाल्याचा असतो. आई म्हणाली, "सांगते तुझ्या अप्पान्ला. त्यान्लाच ठावं कुठली थैली कुठं हाय."

सबंध दिवस मी मोठ्या माणसासारखा वागलो, असं धम्मशीला म्हणाली.

९ ऑक्टोबर

पीठ आलं. सेलूच्या गाडीनं कंडक्टरनं आणून दिलं. मऊ, एकसारखं दळलेलं. दादाच्या हाताचं दळण मी डोळे मिटून ओळखतो. नियमाप्रमाणे भट्टीत तापवून घेतलं आणि डब्यांत भरलं. मॅडम म्हणाल्या, छान बारीक आहे. त्या वाक्याचा फोटो काढता आला असता तर मी काढला असता.

११ नोव्हेंबर

काहीतरी फार चुकलं आहे.

साध्या द्रावणाच्या माद्यांनीही अंडी नीट घातली नाहीत. जी घातली त्यांतली बहुतेक फुटलीच नाहीत. गप्प केलेल्या आणि न केलेल्या, दोन्हीकडे सारखंच. मग फरक कुठं राहिला?

मी डब्यांवरची नावं पुन्हा पाहिली. पुन्हा पाहिली. नावं बरोबर आहेत. मला वाटतं चूक माझीच आहे, कुठली ते सापडत नाही एवढंच.

१३ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरचे माणिकराव सर आले होते. ते मॅडमना वडीलकीनं बोलतात. म्हणाले, "राजेश्री, पहिली फेरी उत्तम हाय. समितीपुढं तीच मांड. दुसऱ्या फेरीत तापमान बिघडलं होतं म्हण. कोण इचारायलंय?"

मॅडम म्हणाल्या, "सर, तापमान बिघडलं नव्हतं."

"बिघडलं नव्हतं हे मला म्हाईत हाय. समितीला कुठं म्हाईत हाय?"

"मला माहीत आहे ना."

सर हसले आणि गेले. मॅडम बसून राहिल्या. चहा गार झाला. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी फळा पुसला आणि दोन फेऱ्यांत काय काय सारखं होतं ते एकेक लिहायला घेतलं. नर तेच, सुई तीच, द्रावण त्याच बाटलीतलं, खोली तीच, चाळणारा तोच. माझं नाव 'सारखं' ह्या बाजूला लिहिलं. त्यांना कदाचित त्यात विशेष वाटलं नसेल. मी मात्र खोलीवर गेल्यावर जेवू शकलो.

१६ नोव्हेंबर

फळ्यावर वेगळ्या बाजूला एकच गोष्ट उरली. पीठ.

मॅडमनी डबा उघडला, चिमूटभर पीठ घेतलं आणि सरळ जिभेवर ठेवलं. आम्ही दोघं बघत राहिलो. प्रयोगाचं पीठ कुणी खात नाही.

"कडू आहे," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "आमच्याकडे गंगाखेडला माझी आजी असंच दळण आणायची. पाला नीट न निवडता."

मी चव घेतली. अगदी मागं, घशाजवळ, कडुलिंब. तापवल्यानं वास गेला होता, कडूपणा राहिला होता. महिनाभर मी ह्याच पिठात हात घालून बसलो होतो. गिरणीवाल्याचा मुलगा.

मी म्हणालो, "मॅडम, मी उद्यापासून येत नाही."

"उद्या रविवार आहे. तसाही येणार नव्हतास." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "पाल्यानं किडीची अंडी बिघडतात, म्हणूनच बायका तो घालतात. पण चव म्हणजे पुरावा नव्हे. बाजारातून बिनपाल्याचं थोडं पीठ आणू. न टोचलेले भुंगेरे काही ह्यात, काही त्यात सोडू. मग बोलू."

स्वतःचं काम बुडत असताना त्या किड्यांशीही न्यायानं वागतात. मला असं कधी जमेल का?

१७ नोव्हेंबर, रविवार, वालूर

सकाळी घरी आलो. गिरणी चालू होती. मी विचारलं, परभणीच्या पिठाला कोणता गहू घेतला?

दादा म्हणाला, "खालच्या कोठीतला. घरचा."

"घरचा? त्यात पाला असतो."

"असतो की. वरवर काढला."

अप्पा तराजूजवळ बसले होते. कपाळावरचं भस्म पिठाहून पांढरं. मला म्हणाले, "मी सांगितलं होतं, माळ्यावरची थैली घ्यायची. हितंच उभा राहून सांगितलं होतं."

"त्यान्ला इचार, कुणाला सांगितलं?" दादा म्हणाला.

"त्याला सांग, हितं तिसरं कोण होतं?"

"मला कसं कळंल? त्यायनी मोटारीकडं बघून सांगितलं. मला वाटलं मोटारीला सांगायलेत."

"ऐकू तर गेलं ना?"

"ऐकू गेलं. पण मला कुणी सांगितलं न्हाई."

मी दोन्हीकडे मान वळवून थकलो. दादा खोटं बोलत नव्हता. अप्पाही नव्हते. ऐकू जाणं आणि सांगितलं जाणं ह्यांत आमच्या घरी फरक आहे. मी इथं असतो तर हे घडलंच नसतं. म्हणजे चूक माझीच ठरते.

मी त्यांना मॅडमचं सगळं सांगितलं. समिती, कुलूप, माद्यांची अंडी, जिभेवर ठेवलेलं पीठ. आवाज चढला असावा, कारण आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.  दादानं मोटार बंद केली. दळण शिल्लक असताना त्यानं ती बंद केलेली मी कधी पाहिली नव्हती.

२३ नोव्हेंबर

पुरावा मिळाला. बाजारच्या पिठात अंडी भरपूर आणि अळ्या निघायला लागल्या, आमच्या पिठात नाहीत. मॅडम म्हणाल्या, तिसरी फेरी करू, वेळ जेमतेम आहे. बाजारच्या पिठाची खात्री देता येत नाही, एका गव्हाचं, एका दळणाचं पीठ पाहिजे. "वालूरचं दळण चांगलं होतं, गहूच चुकला. तिथूनच आण."

मॅडमनी दुसऱ्यांदा सांगितलं असतं तरी माझा विश्वास बसला नसता. मी म्हणालो, मी स्वतः जाऊन दळून आणतो. मॅडम म्हणाल्या, "तू गेलास तर कोष कोण निवडणार? दोन दिवसांत टोचायचे आहेत. घरी सांग, ते करतील."

त्यांना आमचं घर माहीत नाही.

मी ठरवलं की आधी अप्पांना फोन करायचा, मग दादाला, मग पुन्हा अप्पांना. वाक्यही तयार केलं. पण फोन आईनं उचलला. मी योजना सांगितली तर म्हणाली, "येगळं येगळं काही सांगू नगंस. मी फोन तराजूत ठिवते. एकडाव सांग आन् गप बस."

मोठ्यानं ऐकू येईल असं काहीतरी तिनं केलं. पट्ट्याचा आवाज आला, मग तो थांबला. मी वाक्य म्हटलं. माळ्यावरची थैली, बिनपाल्याचा गहू, जातं आधी झाडून घ्यायचं, पहिलं पायलीभर पीठ बाजूला काढायचं.

 मग अप्पांचा आवाज आला. "ऐकलं का?"

मी म्हणालो, "हो अप्पा."

"तुला न्हाई इचारलं."

 मग लांबून दादा म्हणाला, "ऐकलं."

आणि फोन बंद झाला. मला वाटतं दोघं माझ्यावर चिडले आहेत. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही. धम्मशीलानं विचारलं, काय म्हणाले? मी जसंच्या तसं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं डोळे पुसले. तिला सर्दी झाली आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पीठ आलं, आणि अप्पा आणि दादाही आले. एका मोटारसायकलवर, मधे पोतं. सेलूकडून यायचं की बोरीकडून, ह्यावरून फाटकाच्या आत येईपर्यंत भांडण चालू होतं.

"म्हणलं होतं बोरीकडून चल. सगळे खड्डे पोत्याला लावले."

"मागं बसून गाडी हाकायची आसंल तर पुढं बसायचं होतं."

"मला येत आसती तर बसलो आसतो."

"इंजिन तेवढं यायचं तुमाला."

इंजिनाचं नाव निघालं. मी मधे जायला निघालो. धम्मशीलानं माझी बाही धरली. "भांडू द्या की हो, गिरणीवाले." मी म्हणालो, वाढेल. ती म्हणाली, "वाढू द्या." तिला आमच्या घरची माहिती नाही म्हणून.

वाढलं नाही. अप्पा म्हणाले, "धूर लय करायचं ते, खरं हाय," आणि पोत्याचं एक टोक धरलं. दुसरं दादानं.

मॅडमनी पोतं उघडून पुन्हा चिमूट जिभेवर ठेवली. अप्पा हात जोडून उभे होते. मॅडम म्हणाल्या, "गोड आहे." अप्पांनी मान हलवली, जसा काही निकाल त्यांचाच होता. मग त्यांना भिंगातून भुंगेरा दाखवला. अप्पा वाकून बघत म्हणाले, "महारुद्र, ये हिकडं. ह्येच्या मिशा बघ, मोत्यांची माळ ओवल्यावानी हायत. जल्मभर मारले, कधी बघितले न्हाईत."

दादानं पाहिलं. म्हणाला, "पायबी कसले बारीक हायत अप्पा."

माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. मी हातात पाण्याचे दोन पेले घेऊन उभा होतो. जाताना मला काही निरोपही दिला नाही. ते गेल्यावर मला उगाच हात रिकामे वाटत होते, म्हणून सगळ्या चाळण्या धुतल्या.

१२ डिसेंबर

माद्या कोषातून निघाल्या, नर सोडले. घरून आठवड्यात एकही फोन नाही. मी केला तर आई म्हणते सगळं ठीक आहे. ठीक असतं तर त्यांनी फोन केला असता.

मॅडम रोज सगळ्यांच्या आधी येतात. त्यांना खोकला झाला आहे. डब्यांपासून दूर जाऊन खोकतात.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळी मॅडमनी मला भिंगापाशी बसवलं. म्हणाल्या, "आधी तू बघ. डबीवरचं नाव बघू नकोस. काय दिसतं ते सांग."

पहिल्या काचेवर एक अंडं मधेच चिरलं होतं. त्यातून पांढुरकी अळी अर्धी बाहेर आली होती आणि उरलेलं अंग ओढून काढत होती. बाजूला दुसरी फिरत होती. मी म्हणालो, निघाल्यात. दुसऱ्या काचेवर अंडी तशीच, शांत. एकही फुटलं नव्हतं. मी म्हणालो, नाही निघाल्या. अशा बऱ्याच काचा मी सांगत गेलो आणि धम्मशीला लिहीत गेली. मग मॅडमनी डब्या पालथ्या करून नावं जुळवली. त्यांचं बोट माझ्या अक्षरावरून सावकाश सरकत होतं.

सगळं जुळलं. साध्या द्रावणाच्या माद्यांची लेकरं निघाली. गप्प केलेल्यांची नाही. बुरशीचंही पहिल्यासारखंच आलं. जे सप्टेंबरात दिसलं ते खरं होतं.

मॅडमनी चष्मा काढला. "माणिकराव सरांना बोलाव," त्या धम्मशीलाला म्हणाल्या. सर आले, भिंगात पाहिलं, म्हणाले, "जिंकलीस की गं." मॅडम म्हणाल्या, "सर, मधली फेरीसुद्धा समितीला दाखवणार आहे. पीठ कडू होतं तेही." सरांनी पुन्हा एकदा भिंगात पाहिलं. मग म्हणाले, "दाखव. तूच दाखवू शकतीस." असं म्हणून त्यांनी स्वतः सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मी बाहेर जाऊन घरी फोन लावला. आईला म्हणालो, अप्पांना सांग आणि दादालाही सांग की निकाल खरा निघाला, त्यांचं पीठ बरोबर होतं. आई म्हणाली, "दोघं सकाळीच नांदेडला गेलेत रे, डाळीची चक्की बघाया. तेल्याच्या पोराची गाडी केलीय. आल्यावर सांगते." मागं गिरणी बंद असल्यानं फार शांत वाटत होतं. मी विचारलं, एकत्र गेलेत? आई म्हणाली, "न्हाईतर काय, येगळे येगळे जातील?" आणि फोन ठेवला.

एवढी मोठी बातमी माझ्याजवळ होती आणि ती कुणाला द्यायची ते मला सुचेना. कुणाचा तरी निरोप असता तर बरं झालं असतं. ही बातमी माझीच होती.

धम्मशीला पूर्णेच्या गाडीसाठी निघाली होती. मी तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. चाळणी, पहारेकरी, पहिली फेरी, कडू पीठ, चिरलेलं अंडं. ती ह्या सगळ्याला हजर होती. तरी तिनं मला मधे एकदाही थांबवलं नाही, आणि गाडी लागली तेव्हा म्हणाली, "पुढं काय झालं ते राह्यलं. पुढची गाडी हाय की."